दिवेलागणीच्या आत

जपानी लिपीतलं एक अक्षर ओळखता येत नसताना जपानी गोष्ट घोळवून घोळवून सांगणारा माणूस उभ्या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो नालासोपाऱ्याला आचोळ्यात राहतो. ते आमच्या हिचे मामा. नोकरीत असेपर्यंत मामांनी टीव्हीवर बातम्या आणि क्रिकेट यांपलीकडे काही पाहिलं नाही. आता जेवण, गोळ्या आणि वामकुक्षी यांतून उरलेला सगळा वेळ ते दोन्ही हातांत कंट्रोलर धरून व्हिडिओ गेम खेळतात. गेम त्यांच्या लेकीचा, मुक्ताचा. जपानी शिकताना सराव व्हावा म्हणून तिने तो मुद्दाम जपानीत लावून ठेवला होता. पुढे तिला जपानातच नोकरी लागली, ती गेली आणि यंत्र मामांपाशी राहिलं. तिचा फोन दुपारच्या चहाच्या वेळी येतो, कारण तिकडे तेव्हा संध्याकाळ झालेली असते. "बाबा, त्यात इंग्रजी कसं करायचं सांगते," असं ती किती वेळा म्हणाली, पण मामा ऐकत नाहीत. "नको. वाचता आलं की त्यांचीच गोष्ट ऐकावी लागेल. माझी बरी चाललीय."

गेममधली चित्रं मात्र बघत राहावीत अशी. सगळी हाताने रंगवलेली. गवतावर कुंचल्याचा फटकारासुद्धा दिसतो. पाठीला पोतडी लावून एक मुलगी गावातून निघते, वाटेत राक्षस भेटतात, त्यांच्याशी लढत पुढे जायचं. ती कशासाठी निघाली आहे हे वाचता येत नसल्याने मामांनी ठरवून टाकलंय की नोकरीसाठी. गावातल्या विहिरीपाशी उभा असलेला म्हातारा तिचा बाप आणि मोठा राक्षस म्हणजे तिचा साहेब. एकदा मी गेलो तर मुलीला शेताच्या बांधावर नुसती उभी करून मामा बघत बसले होते. "आम्ही इथे राहायला आलो तेव्हा पलीकडे गास गावात असंच हिरवं होतं," म्हणाले. "अजून आहे म्हणा थोडं. पण तेव्हा बघायला वेळ नव्हता."

मामांचे नियम कडक. असल्या गेममध्ये कुणाच्याही घरात शिरावं, पेटी उघडावी आणि आतली तलवार किंवा औषध खुशाल उचलावं, अशी रीतच आहे. घरची माणसं शेजारी उभी असतात, पण हूं की चूं करत नाहीत. मामांना हे बिलकूल मान्य नाही. "लोकाच्या घरात जाऊन पेटी उघडायची? आपल्या पोरीला हे वळण नाही." त्यामुळे बिचारी अजून काठी घेऊनच राक्षसासमोर जाते आणि मार खाते. मग मामी स्वयंपाकघरातून ओरडतात, "घ्या की हो एखादी तलवार! कोण बघतंय?" त्यावर मामा म्हणतात, "मी बघतोय." राक्षसांबद्दल त्यांची तक्रार नाही, उलट त्यांना आदरच वाटतो. लढाई पाळीपाळीने असते. मुलीचा वार होईपर्यंत राक्षस जागच्या जागी डुलत थांबतो. "किती सभ्य आहे बघा! सोसायटीच्या मीटिंगला एकदा आणायला हवा."

पण खरा हट्ट निराळाच. खिडकीबाहेरचा उजेड कमी होऊ लागला की मुलगी डोंगरावर असो की गुहेत, मामा तिला माघारी वळवतात. सगळी वाट उलटी चालवून तिच्या गावी, तिच्या घरी आणतात आणि तिच्या अंथरुणावर निजवतात. मगच मामी देवापाशी दिवा लावतात. गेममध्ये वाटेवर जागोजागी धर्मशाळा आहेत, पण स्वतःचं घर असताना धर्मशाळेत कशाला, असं मामांचं म्हणणं. मुक्ता कॉलेजात होती तेव्हा तिला जरा उशीर झाला की हेच मामा टॉर्च घेऊन फाटकाशी उभे असत, रस्त्यावर लख्ख दिवे असले तरी. आता दिवसभर जेवढी वाट चालावी तेवढी संध्याकाळी परत. इतर लोक जो खेळ संपवून विसरूनही गेले, त्यात मामा एका बंदराच्या पुढे सरकले नव्हते.

त्या बंदरावर एक होडीवाला आहे. तो रोज काहीतरी विचारी आणि मामा नकाराचं बटण दाबून मागे फिरत. "काय म्हणतो हो हा, जावईबापू?" त्यांनी एकदा मला विचारलं. मी मोबाइलचा कॅमेरा टीव्हीसमोर धरला. मराठीत अक्षरं उमटली : या होडीत बसलात की पुन्हा गावी परतता येणार नाही. निघायचं? मी मोबाइल खिशात घातला. "भरतीची वाट बघतोय म्हणतो."

"मग थांबू. घाई कसली?" असं म्हणून मामांनी पोरीला घराकडे वळवलं. मला सुटल्यासारखं वाटलं.

या गणपतीत मुक्ता आली. तिने तिकडेच कायमचं राहायचं ठरवलं होतं. आमच्या हिला सांगून झालं, मामींना सांगून झालं, फक्त बाबा राहिले होते. रोज "आज सांगते" म्हणायची आणि मामा समोर आले की मोदक वाढायला उठायची. जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे बसलो होतो. मामांनी पोरीला बंदरावर आणलं, होडीवाल्याने विचारलं. "काय म्हणतो गो?" मामा म्हणाले. खरं सांगू नकोस म्हणून मी मुक्ताला डोळ्यांनी खुणावत होतो, पण तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"बाबा, तो म्हणतोय, या होडीत बसलं की परत इथे राहायला येता येणार नाही."

"वाटलंच मला," मामा म्हणाले. "हे आमचे जावईबापू म्हणे, भरतीची वाट बघतोय! माझं बालपण खाडीकाठी गेलं. भरती दिवसातून दोनदा येते, एवढं मला ठाऊक नाही होय?" मग त्यांनी कंट्रोलर मुक्ताच्या हातात दिला. "तूच बसव तिला होडीत. माझ्याच्याने व्हायचं नाही."

मुक्ताने बटण दाबलं. रंगवलेल्या समुद्रावर होडी लहान लहान होत गेली. मामी पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. मामांनी चष्मा काढून पुसला. "पोचल्यावर फोन कर म्हणावं तिला," एवढंच म्हणाले.

परवा सहज गेलो होतो. पोरगी परमुलखात हिंडत होती, हातात अजून काठीच. आता परतायला घर नाही, म्हणून मामांचा धर्मशाळेवरचा राग गेला आहे. मामींनी चहा आणला तेव्हा साडेतीन वाजत होते. मामांनी चालता चालता मुलीला मागे वळवलं, धर्मशाळेत नेऊन निजवलं आणि टीव्ही बंद केला. बाहेर आचोळ्यात ऊन रणरणत होतं.

"एवढ्यात?" मी विचारलं.

मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग शेजारी ठेवलेल्या फोनकडे. "तिकडे दिवे लागले असतील," ते म्हणाले.