दहा वर्षं इकडची तिकडे

बर्फाची लादी भुशात ठेवून वर गोणपाट टाकलं की लवकर वितळत नाही. आमच्या मासळी बाजारातले किस्से तसेच आहेत. कोणी मुद्दाम जपले नाहीत, पण गोणपाट उचललं की खाली असतातच.

पनवेलच्या बाजारात मी वीस वर्षं बर्फ फोडला. लादीला आत एक रेघ असते. टोचा तिच्यावर बसला तर लादी सरळ दुभंगते, चुकला तर नुसता चुरा होतो. बघायला लागत नाही, आवाजावरून कळतं. ऐकायची सवय लागली, म्हणून पुढचं सगळं लक्षात राहिलं.

*

करोनात बंद झालेला बाजार पुन्हा उघडला तेव्हा नियम आला. पासष्टच्या वरच्यांनी बाजारात यायचं नाही, घरी थांबायचं. एक तरुण साहेब ताप बघायचं यंत्र घेऊन ओळीत फिरायचा आणि सगळ्यांची आधार कार्डं तपासायचा.

आमच्या ओळीत सात बायका मासळी घेऊन बसायच्या. सातही जणींच्या कार्डावर एक जानेवारी आणि सातही जणी पासष्टच्या पुढे. साहेबाने कार्डं दोनदा वाचली. तुम्ही सगळ्या एकाच दिवशी जन्मलात का, असं त्याने विचारलं.

सगळ्यात पुढे गोमतीबाय होती. ती म्हणाली, "जल्म कुनाला ठावं, साहेब. आमी एकाच दिशी लायनीत उब्या होतो."

खरी गोष्ट अशी, की पासष्टनंतर एसटीला अर्धं तिकीट लागतं. ते लवकर मिळावं म्हणून कार्ड काढताना या बायकांनी आपापल्या अंदाजाने वय वाढवून सांगितलं होतं. माझी बायको हिरा त्यांच्यातलीच. तिची आई आपट्याला असते, दर पंधरा दिवसांनी हिरा तिला भेटायला जायची. तिने चांगली दहा वर्षं चढवली होती. त्या दिवशी सातही जणी टोपल्या उचलून घरी गेल्या.

*

माझं उलटं होतं. मोरा बंदरातलं बोटीवरचं काम सुटलं तेव्हा मी एकोणपन्नासचा. बर्फाच्या शेठला चाळिशीच्या आतला माणूस हवा होता. मी एकोणचाळीस सांगितलं. केस काळे होते, खपून गेलं. पुढे कार्डावरही तेच लागलं.

म्हणजे हिरा छप्पन्नची, कार्डावर सहासष्ट. मी एकोणसत्तरचा, कार्डावर एकोणसाठ. धडधाकट बाई घरात बसली आणि खोकणारा म्हातारा गर्दीत उभा राहिला.

हिरा रोज म्हणायची, साहेबाला खरं सांगा. मी म्हणायचो, दोघंही घरी बसलो तर खायचं काय?

"आजार कार्ड बघत नाय," एवढंच ती म्हणाली आणि डबा भरून दिला.

*

गोमतीबायला सुनेने मागच्या खोलीत वेगळं ठेवलं. सून वाईट नव्हती. टीव्हीवर जसं सांगत होते तसं करत होती. ताट उंबऱ्यावर ठेवायची, कपडे वेगळे धुवायची, नातवाला लांबूनच आजी दाखवायची.

एकदा मी बर्फ पोचवायला त्या बाजूला गेलो होतो. गोमतीबाय खिडकीत बसली होती. कशी आहेस म्हणून विचारलं, तर हसली.

"सासूनं म्हयन्याचे चार दिस बाजूला बसवली. त्यातून सुटले, तर आता सुनेनं बाराही म्हयने बसवली."

मीही हसलो. घरी येईपर्यंत ते हसू टिकलं नाही.

*

माझ्या ठेल्याजवळ रोज सकाळी, साहेब यायच्या आधी, उस्मानभाई येऊन बसायचा. बरीच वर्षं कुवेतला काम करून आलेला, वय सत्तर. पासपोर्टमुळे त्याचं वय मात्र पक्कं होतं. मुलगा आता तिकडे होता. अब्बा घरातच आहेत ना, हे बघायला तो रोज व्हिडिओ कॉल करायचा.

उस्मानभाईने तोड काढली. घरातलं कॅलेंडर आणून त्याने माझ्या मागच्या खिळ्याला टांगलं. फोन वाजला की त्याच्यापुढे स्टूल घेऊन बसायचा. मागे आपल्या घरची भिंत बघून मुलगा खूश.

एक दिवस मी कामाच्या नादात होतो. फोनमधून मुलाचा आवाज आला, "अब्बा, आपल्या घरात बर्फ कोण फोडतंय?"

उस्मानभाईने माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे. "बालाराम आलाय. बिचाऱ्याला घरी करमत नाही."

*

पावसाळ्यात उस्मानभाईला ताप आला. गाडी येऊन घेऊन गेली. जाताना त्याने हात वर केला होता, असं गल्लीतल्यांनी सांगितलं. तो परत आला नाही. शेवटचं बघायलाही मिळालं नाही.

कॅलेंडर माझ्या खिळ्यालाच राहिलं. महिना उलटला, पान उलटायला माझा हात धजला नाही.

एका रात्री हे हिराला सांगितलं, तर तिने फक्त विचारलं, "तुमच्यापेक्षा कितीसा मोठा होता?"

मी म्हणालो, एक वर्षाने.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोचा उचलला, तर समोर हिरा. लुगडं खोचलेलं, तोंडाला फडका. साहेबाने तिला लगेच अडवलं. आजी, तुम्हाला घरी थांबायला सांगितलंय ना, म्हणाला.

तिने दोघांची कार्डं त्याच्यापुढे धरली. माझं कार्ड घरातून कधी घेतलं, मला कळलं नव्हतं.

"यांची धा वर्सं माज्या कार्डावर चढलीत, साहेब. माजी मला द्या, यांची यांना."

साहेब कार्डांकडे बघत राहिला, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे. नोकरी गेली असंच वाटलं. त्याने यंत्र तिच्या कपाळाला लावलं, मग माझ्या. आवाज न चढवता विचारलं, "मग घरी कोण बसणार?"

हिराने माझ्या हातातला टोचा काढून घेतला.

"भात झाकून ठेवलाय," ती मला म्हणाली.

साहेब पुढच्या ठेल्याकडे वळला.

मी खिळ्यावरचं कॅलेंडर काढून काखेत घेतलं आणि चालू लागलो. फाटकापाशी आलो तेव्हा मागून पहिला घाव ऐकू आला. वाकडा पडला होता, चुरा झाला. मी थांबलो, पण वळलो नाही.

दुसरा बरोबर रेघेवर बसला.