दाजी सरळ पोहायला शिकले

दाजी गेल्याचा घरून फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर करत होतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. रात्री जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं आणि तेव्हापासून भेटायला येणारा जो तो मला एकच ऐकवतोय, "एवढं पळून, पोहून काय भेटलं त्यांना?" दहाव्याला ऐकलं, तेराव्याला ऐकलं. आता महिना उलटून गेला आणि माझं डोकं फिरलंय. काय भेटलं ते सांगतो, जरा बसा.

दाजी नांदूरघाटचे, मेंढपाळाच्या घरातले. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी मेंढ्या धाकट्या भावाच्या हवाली केल्या आणि तेव्हाच पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. माणसं आधी तलावात पोहतात, मग सायकल मारतात, मग पळतात, सगळं एकाच दिवसात. ट्रायथलॉन म्हणतात त्याला. दाजी म्हणाले, "हे तर आमी रोजच करीत व्हतो, निस्त्या टाळ्या कुणी वाजवल्या न्हाईत." लेकीनं लांब पल्ल्याच्या स्पर्धेत नाव घातलं आणि सरावासाठी दाजी आणि अक्का बीडला आमच्या वरच्या खोलीत राहायला आले, ते कायमचेच. मी बसस्टँडवर घ्यायला गेलो, तर एसटीतून अक्का एकटीच उतरली. डोक्यावर गाठोडं, हातात सायकलचा पंप. "दाजी कुठायत गं?" "येऊ लालेत सायकलीवर. मांजरसुंब्याच्या घाटात बसला हात करून हसत व्हते." बऱ्याच वेळानं दाजी आले. पायजम्याला खाली दोरी बांधलेली, अंग घामानं निथळतंय आणि पहिलं वाक्य काय, तर "बाळ्या, पोट लई सुटलं की बे! शहर मानवलं तुला." दाजी-मेहुण्याचं नातं आमच्याकडं असंच, सरळ बोलायची सोय नाही.

पहिल्याच रविवारी आम्ही बीडजवळच्या पालीच्या धरणावर गेलो. अक्काच्या हट्टापायी कमरेला नारिंगी फुगा बांधून दाजी पाण्यात उतरले आणि असे काही हात मारायला लागले की मी बघतच राहिलो. पण थोड्या वेळानं बघतो तर स्वारी वळून परत आमच्याकडंच! डोकं वर काढून विचारतात, "आला का पल्याडचा काठ?" म्हटलं, "दाजी, ह्यो अल्याडचाच हाय!" पुन्हा गेले, पुन्हा तेच. अक्का तोंडाला पदर लावून हसत होती. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दाजी पोहायला शिकले ते विहिरीत. आमच्याकडं पाठीला डबा बांधून पोराला विहिरीत ढकलतात आणि मग ते कडेकडेनं गोल फिरतं. विहिरीत सरळ जायला जागाच कुठं असते? दाजींच्या हातांना वळणच ठाऊक होतं...

त्या दिवशी टॉवेल गुंडाळून ते काठावर पाण्याकडं पाठ करून बसले. चेष्टेत म्हणालो, "सोडा की दाजी, चांगली सायकल हाय, मळ्यात हिंडा." त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. म्हणाले, "मेंढ्यामागं जलम गेला बाळ्या. पाणी कुठं, मुक्काम कुठं, सगळं त्यांनी ठरवायचं, आमी मागं मागं. एकदा तरी म्या ठरवीन तिथं मला पोचायचं हाय. अन् असं जिथल्या तिथंच येऊ लालो तर कसं रे व्हायचं?"

तोड अक्कानं काढली. "मला पल्याड नेऊन सोड," म्हणाली. मी तिला स्कूटरवरून वळसा घालून पलीकडच्या काठावर सोडलं. अंगावर लालभडक लुगडं. दाजींनी मधूनमधून मान वर काढायची, ते लाल शोधायचं आणि तिकडंच यायचं. भरकटले की अक्का मेंढरं वळवायची हाळी द्यायची, "हुर्रऽऽ! हिकडं, हिकडं!" धुणं धुणाऱ्या बाया हसून बेजार. दाजी बाहेर येऊन चिडले, "मी काय मेंढरू हाय का?" अक्का म्हणाली, "मेंढरू असतं तर एका हाळीत वळलं असतं."

स्पर्धेच्या दिवशी परगावच्या तलावावर ही गर्दी! जाताना बाकीच्यांच्या मागं दाजी नीट गेले, पण परतताना ऊन डोळ्यांवर आलं आणि पाण्यावर दिसणारी त्यांची पोहायची टोपी डावीकडं सरकायला लागली. पाण्यातून बाहेर यायची मुदत संपत आली होती. गर्दीत अक्काचं लुगडं कुणाला दिसणार? बाई सरळ तिथं उभ्या टेम्पोवर चढली आणि दिली हाळी. ध्वनिवर्धकावरचा माणूससुद्धा गप्प झाला. टोपी थबकली... आणि वळली. दाजी सगळ्यांच्या शेवटी, पण मुदतीच्या आत बाहेर आले. सायकल त्यांनी मजेत मारली. पळणं म्हणाल तर ते पळालेच नाहीत, मेंढपाळाच्या भरभर चालीनं चालले आणि दिवस मावळता मावळता शेवटच्या कमानीखालून आत आले. गळ्यात पदक घालणाऱ्या पोरीला त्यांनी नमस्कार केला आणि माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "पोचलो बे." बस्स, एवढंच. तसा चेहरा मी त्यांचा आधी कधी पाहिला नव्हता. हे भेटलं त्यांना. ज्यांना पटत नसेल त्यांनी माझ्याकडं चहाला येऊ नये.

तेराव्यानंतर दाजींचे कपडे वाटून टाकले, पण त्यांचे पळायचे बूट अक्कानं कुणाला हात लावू दिले नाहीत. गेल्या आठवड्यात भल्या सकाळी ती वरच्या खोलीतून खाली आली ती तेच बूट घालून. लुगड्याखाली ते भलेमोठे बूट, पुढं चिंध्या कोंबलेल्या. मेंढ्यांच्या मागं दाजी आणि दाजींच्या मागं अक्का, असाच तिचाही जन्म गेलेला.

"अक्का, कुठं निघालीस? थांब, स्कूटर काढतो."

"कावून? स्कूटर कशापायी?" ती बुटाची नाडी घट्ट करत म्हणाली. "पालीला चाललेय, पायी. म्या ठरवलंय."