दहाला निघून साडेदहाला

ट्रकवाल्यांत त्याचं नाव मीटर. कुठल्याही दोन गावांची नावं घ्या, हा किलोमीटर, घाट आणि चहाच्या टपऱ्या फाडफाड सांगणार. एकतीस वर्षं त्याने सीमेवरच्या नाक्यापर्यंत माल नेला. पलीकडे गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या ताब्यात जायची, आणि हा माघारी. मालकाने कागदावर वेळ लिहून दिली की मीटर तो खिशात कोंबायचा. "कागदावरची वेळ मालकाची, रस्त्यावरची ड्रायव्हरची!"

लेक सीमेपलीकडच्या शहरात नोकरीला निघाली, तेव्हा हा रागाने अंथरुणातून उठलाही नव्हता. त्याला सहा वर्षं झाली. आता तिचा निरोप आला होता: पुढच्या विमानाआधी थोडा वेळ आपल्या विमानतळाबाहेर येते, बाराला आत जावं लागेल. तिथून दहाला निघून इथे साडेदहाला पोचते.

"अर्ध्या तासात?" मीटर उसळला. "सडकेने एकवीसशे किलोमीटर आहे! विमान आहे का बंदुकीची गोळी?"

शेजारच्या पंक्चरवाल्याने मोबाइलवर पाहिलं. "हवेतून चौदाशे. उडायला दोन तास लागतात, मीटरभाऊ."

"मग? दहा नि दोन किती?"

"बारा," पंक्चरवाला म्हणाला आणि त्याचाही आ वासला गेला. "पण मग ती बाराला आत कशी जाणार?"

"विमान उशिरा येणार, पुढचंही उशिरा सुटणार. आयुष्य गेलं माझं ह्यात."

बायको म्हणाली, "अहो, तिने साडेदहा लिहिलंय तर साडेदहाला जावं. आपलं काय जातंय?"

"तू गाडी चालवलीस का कधी?"

बायकोचे गुडघे धरले होते, नाहीतर ती एकटीच निघाली असती.

अर्धा तास आधी गेलेलं बरं म्हणून तो साडेअकराला विमानतळावर पोचला. लेक बाहेरच्या बाकावर बॅगेला टेकून बसली होती. कानापाशी दोन पांढरे केस.

"एक तास झाला बसून," ती म्हणाली. "वाटलं, याही वेळी नाही येणार तुम्ही."

"तू... बाराला येणार होतीस."

तिने मनगट पुढे केलं. तिच्या घड्याळात एक वाजला होता. त्याच्या घड्याळात साडेअकरा. त्याने आपलं घड्याळ कानाला लावलं. चालत होतं.

"बाबा, तिकडची घड्याळं दीड तास पुढे असतात."

"कुणी केली पुढे?"

"कुणी नाही. तिकडे सूर्य आधी उगवतो."

"सूर्य एकच ना? मग तू हवेत काढलेले दोन तास गेले कुठे?"

तिने बॅगेवर बोटाने सूर्य काढला, दोन शहरं काढली. तो मान डोलवत राहिला. डोक्यात ढिम्म काही शिरलं नाही. एवढंच कळलं की हातातला तास आपणच घालवला, आणि तो कुठल्याच घड्याळात परत मिळणार नाही.

"माझं चुकलं," तो म्हणाला. ते आजचं की सहा वर्षांपूर्वीचं, तिने विचारलं नाही. पाणी पुढे केलं.

बाराला पाच कमी असताना ती उठली. "पुढच्या वेळी विमानाची वेळ सांगणारच नाही मी. घरून कधी निघायचं तेवढं सांगेन. ऐकाल?"

"पुढच्या वेळी?" त्याने विचारलं. "कधी?"

"तीन महिन्यांनी, परतताना."

"कुणाच्या घड्याळाने?"

ती हसत आत गेली. मीटरने मात्र अगदी मनापासून विचारलं होतं.