पाच शेतांचा भोंगा

काही माणसांना गळा देताना देवाचा हात जरा सैलच सुटतो. त्याच्या बाबतीत तसंच झालं होतं. तो जेवताना नुसतं 'मीठ' म्हणाला तरी शेजारीण मिठाची बरणी घेऊन दारात उभी राहते, अशी त्याची थट्टा व्हायची, आणि एकदा ती खरोखरच राहिली होती. शाळेत सगळे मिळून गाणं म्हणायचे तेव्हा बाई त्याला म्हणायच्या, "तू फक्त ओठ हलव." पुढे त्याचं नावच भोंगा पडलं. त्याला कधी राग आला नाही. आपल्याकडे दुसरं काही दाखवण्यासारखं नाही हे त्याला लवकर कळलं होतं, आणि जे आहे ते निदान लांबवर ऐकू जातं, यात त्याला समाधान होतं.

या गळ्याचा उपयोग सापडला तो करकोच्यांमुळे. थंडी पडली की सात-आठशे करकोचे उत्तरेकडून यायचे आणि थेट पेरलेल्या गव्हात उतरायचे. एकेक माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच, राखाडी, चालणं एखाद्या बड्या साहेबासारखं. पण खाणं बघावं. पेरणीची एक ओळ धरायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दाणा न् दाणा उकरून काढायचा, उसवलेली शिवण ओढावी तसा. सकाळी पेरलेलं रान संध्याकाळी कोरं. आणि पक्ष्याला कायद्याचं अभय! बंदूक नाही, जाळं नाही, विष नाही. वनखात्याच्या कचेरीतून दरवर्षी कागद यायचा की पक्ष्यांना 'कोणतीही इजा न करता परावृत्त करावे'. परावृत्त म्हणजे काय, हे पाच शेतांचे मालक एकदा डोकं खाजवत बसले होते, तेव्हा कोणीतरी म्हणालं, "परावृत्त म्हणजे आपला भोंगा."

तेव्हापासून एकतीस हिवाळे तो त्या पाच शेतांचा राखणदार होता. त्याची पद्धत साधी होती, पण ती त्यानं कधी मोडली नाही. आधी हाक द्यायची. "हाऽऽऽ हुर्र्र! चला! चलाऽऽऽ!" आणि हाक दिली की लगेच सरळ थव्याच्या दिशेनं चालत सुटायचं. पळायचं नाही, वाकडं वळायचं नाही, ते उठेपर्यंत थांबायचं नाही. नुसती हाक म्हणजे पोकळ धमकी, आणि करकोच्याला पोकळ धमकी दोन दिवसांत ओळखता येते, हे त्याला ठाऊक होतं. हाकेमागून हा माणूस येतोच येतो, हे पक्ष्यांना पक्कं माहीत झालं होतं. मग पुढे पुढे दोन पावलांतच थवा उठायचा. एकतीस वर्षांत एका पिसालाही धक्का लागला नाही. तो हे कुणाला सांगत फिरायचा नाही, पण त्याला त्याचा अभिमान होता, आणि आयुष्यात तेवढा एकच होता.

मग त्याच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं.

दुःख झालं का? खरं सांगायचं तर नाही. पार्सल घ्यायला सही करावी तशी त्यानं कागदावर सही केली आणि शुद्धीवर आला तेव्हा गळ्याला भोक होतं. श्वास आता तिथूनच. त्यावर बांधायला पांढरं फडकं. नाकावाटे हवा जात नाही म्हणून वासही गेला. चहा आता नुसता गरम असायचा, आणि पाऊस, साबण, माती सगळं एकसारखं. डॉक्टर म्हणाले होते, काही दिवस मन खचेल, रडू येईल. तो वाट बघत राहिला. काहीच आलं नाही. दवाखान्यातून आणलेल्या छोट्या पांढऱ्या पाटीवर तो लागेल तेवढं लिहायचा आणि बोटानं पुसायचा.

बदल झाला तो बायकोत. तीस वर्षं तिनं "हळू बोला हो, घराच्या भिंती पडतील" म्हणून त्याचा पिच्छा पुरवला होता. आता तीच इतकं हळू बोलायला लागली की भांडी घासल्याचा आवाज तिच्यापेक्षा मोठा यायचा. कधीकधी तर हातानंच खुणा करायची, जेवायला या, दार लावा. तो मनात म्हणायचा, हिचा गळा तर शाबूत आहे, मग हिला काय झालं? पण एवढं पाटीवर कोण लिहिणार.

हिवाळा आला, करकोचे आले. तो सवयीनं शेतात गेला आणि हाक न देता नुसता चालला. करकोच्यांनी माना वर केल्या, वीस पावलं बाजूला झाले आणि पुन्हा खायला लागले. धावणं तर शक्यच नव्हतं. चार पावलांत गळ्यातून शिट्टी वाजायची. त्यानं डबा वाजवून पाहिला, तोही दोन दिवसच चालला. तिसऱ्या दिवशी पाच शेतांच्या सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. हे गृहस्थ एरवी दारातूनच "काय भोंग्या!" करून ओरडायचे. आता जोडे काढून हलक्या पावलांनी आत आले, जणू घरात कोणी झोपलंय.

"तुम्हाला बोल लावत नाही आम्ही," ते म्हणाले. आजपर्यंत त्यांनी त्याला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. "पण पीक हातचं चाललंय. मी कचेरीत अर्ज करतोय. पाच पक्षी मारायची खास परवानगी मिळते म्हणतात. बंदूकवाला आणावा लागेल. पाच पडले की बाकीचे धसका घेतात."

त्यानं पाटीवर लिहिलं, 'पंधरा दिवस द्या.' का लिहिलं, हे त्याचं त्यालाही नीट कळलं नाही. काम जाईल याची भीती वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. पण आपल्या राखणीत पक्षी मरायला नकोत, एवढी एकच गोष्ट त्याच्या आत अजून हलत होती.

वाट काढली लेकीनं. तिच्या फोनमध्ये तिच्या बाळानं पहिलं पाऊल टाकल्याचा व्हिडिओ होता. बाळ उभं राहतंय, पडतंय, पुन्हा उभं राहतंय, आणि मागे लांबून, शेतातून, त्याची स्वतःची हाक. त्याआधी एक बारीक खोकला. तो खोकला तेव्हा कोणी मनावर घेतला नव्हता. जावई विजेची कामं करायचा. त्यानं हाक वेगळी काढली, घरामागच्या गोठ्याच्या छपरावर शेतांकडे तोंड करून कर्णा बसवला, आणि सकाळी साडेसहापासून अंधार पडेपर्यंत दर वीस मिनिटांनी वाजेल असं घड्याळ जोडलं. बाकी सगळं जमलं, पण खोकला काही कापता येईना.

"राहू दे तो," बायको म्हणाली.

"भोंग्याच्या जागी भोंगा!" जावई बोलून गेला आणि लेकीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पक्कड शोधायला निघून गेला.

पहिल्या हाकेला आठशे करकोचे एकदम उठले. लेक टाळ्या वाजवायला लागली. "बाबा, बघा! तुम्हाला ओळखलं त्यांनी!" त्यानं मान हलवली. आपला आवाज बाहेरून कसा वाटतो हे तो पहिल्यांदाच ऐकत होता. एखादा परका माणूस कुणावर तरी ओरडतोय, एवढंच त्याला वाटलं.

नऊ दिवस छान गेले. दहाव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की हाकेच्या थोडं आधीच करकोचे शेजारच्या शेतात सरकतात आणि हाक विरली की सावकाश परत येतात. पक्ष्यांनी घड्याळ पाठ केलं होतं. बाराव्या दिवशी तेही सोडलं. हाक डोक्यावरून जायची आणि ते माना खाली घालून खात राहायचे. चूक कोणाची, हे त्याला लगेच समजलं. एकतीस वर्षं पाळलेला नियम त्यानंच मोडला होता. हाक एकटीच जात होती, मागून माणूस जात नव्हता. तेराव्या दिवसापासून तो हाकेबरोबर चालायला लागला. एक-दोन शेतं जमली. पाच शेतं, दर वीस मिनिटांनी, गळ्यात भोक घेऊन? दुपारीच तो बांधावर बसला आणि बराच वेळ त्याला उठता आलं नाही.

सोळाव्या दिवशी परवानगीचा कागद आला, आणि त्याबरोबर बंदूकवाला. हा मोठा नीटनेटका माणूस होता; शेतात शिरायच्या आधी बूट पुसले, बाहेर आल्यावर पुन्हा पुसले. त्यानं कागद वाचून दाखवला. पाच पक्षी. दिवसाउजेडी. आणि बसलेल्या पक्ष्यावर गोळी चालवायची नाही, फक्त उडत्या.

"म्हणजे आधी उठवावे लागणार," तो म्हणाला.

कर्णा वाजला. एकही करकोचा उठला नाही. सेक्रेटरींनी डबा वाजवला, टाळ्या वाजवल्या, शेवटी टोपी फेकली. ती चिखलात पडली. मग दोघंही बांधावर उभ्या असलेल्या भोंग्याकडे बघायला लागले.

"काका," बंदूकवाला आदबीनं म्हणाला, "तुम्ही चाललात की उठतात म्हणे. पुढच्या हाकेला चालता का जरा?"

नाही म्हणायला पाटी लागते, आणि पाटी घरी राहिली होती. ही त्यानं नंतर स्वतःला सांगितलेली सबब. मान तर हलवता आली असती. ती त्यानं हलवली नाही. वीस मिनिटं तिघं कर्ण्याकडे कान लावून उभे राहिले. खोकला आला, मागून हाक आली, आणि त्याचे पाय आपोआप चालायला लागले, सरळ, न वळता. करकोच्यांनी त्याला पाहिलं. हाक आणि मागून माणूस, जुना हिशोब जुळला, आणि अख्खा थवा उठला. त्याच्या डोक्यावरून दोन बार झाले.

एक करकोचा पेरणीच्या ओळीत पडला. पाय दुमडले, पंख एकदा उघडला आणि तसाच राहिला. दुसरा बांधापलीकडे पडला. बंदूकवाल्यानं पायाला चिठ्ठी बांधली, वेळ लिहिली, पक्षी पोत्यात घातले. तो बघत उभा होता. आता काहीतरी वाटेल, असं त्याला वाटलं. काही वाटलं नाही. पुढच्या हाकेला त्याला चालावं लागलंच नाही. नुसता खोकला ऐकून थवा उठला, उंच चढला आणि गोल गोल फिरत नदीपलीकडे निघून गेला. बाकीच्या तीन गोळ्यांची गरज पडली नाही. ते त्या हिवाळ्यात परत आले नाहीत.

सेक्रेटरींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ते मोठ्यानं बोलले. "भोंग्या, तुझ्या आवाजाला धार आली रे! आता तू घरी आराम कर. कर्णा आहेच."

तो घरी आला आणि आराम करायला लागला. शेतात पक्षी नव्हते, आणि छपरावरचा कर्णा दर वीस मिनिटांनी रिकाम्या रानाला ओरडत होता. जावई दोनदा तो काढायला आला आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत गेला. का, ते त्यानं विचारलं नाही. त्याचा त्रास वेगळाच होता. हाक संपली की तो बंदुकीच्या बाराची वाट बघायचा. बार होणार नाही हे माहीत होतं, तरी खांदे आवळले जायचे आणि घास हातात थांबायचा. शेतात काय झालं हे त्यानं घरात लिहून सांगितलं नव्हतं. बायकोला एवढंच माहीत होतं की पाखरं गेली.

सहाव्या दिवशी दुपारी त्यानं मागच्या खोलीत जाऊन कर्ण्याची पिन उपटली आणि पायरीवर येऊन बसला.

वीस मिनिटं झाली असतील. बायको ओल्या हातांनी बाहेर आली. आधी छपराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "लाइट गेली का?"

त्यानं लिहिलं, 'मी बंद केलं. पाखरं गेली. आता कशाला?'

तिनं वाचलं. "पाखरं गेली ते दिसतंय मला, आंधळी नाही मी," ती म्हणाली. कित्येक महिन्यांत ती एवढ्या मोठ्यानं बोलली नव्हती. "मी काय पाखरांसाठी ऐकत होते?"

त्यानं पाटी मांडीवर ठेवली.

"तुम्ही दिवसभर इथे बसता. मी तुमच्या पुढ्यात ताट ठेवते, उचलते. तुम्ही मान हलवता. मला कळतच नाही हो, तुम्ही आहात की नाही ते. तुमची हाक आली की वाटतं, आहेत, बाहेर कामावर आहेत, येतील आता." तिनं हात पदराला पुसले. ते केव्हाच कोरडे झाले होते. "जावयांना मीच सांगितलं, काढू नका म्हणून."

त्या क्षणी त्याला समजलं की आवाज गेल्याचं जे दुःख त्याच्याकडे कधी आलंच नाही, ते सगळं हिनं एकटीनं उचललं होतं, आणि तेही आवाज न करता, त्याला त्रास होऊ नये म्हणून. त्यानं पाटी घेतली. लिहिलं, 'त्या हाकेवर त्यांनी दोन पाखरं'. पुढे लिहिता येईना. ती वाचायला वाकली, तोवर त्यानं पुसून टाकलं.

तो उठून आत गेला आणि पिन पुन्हा लावली.

परत आला तेव्हा ती पायरीवर सरकून त्याला जागा करून बसली होती. दोघं शेजारी शेजारी बसून राहिले. ऊन पायांवर होतं. मग छपरावर खोकला झाला आणि त्याची हाक पाचही शेतांवरून गेली. तिनं डोळे मिटले आणि तोंड थोडं वर केलं. हाक विरली. तो बंदुकीच्या बाराची वाट बघत थांबला, आणि तसाच थांबलेला असताना त्याला रडू कोसळलं. गळ्यावरचं फडकं वरखाली हलायला लागलं, अंग गदगदलं, पण आवाज कुठला निघणार. ती शेजारीच बसून, डोळे मिटून, लांब गेलेली हाक ऐकत होती.