सोमवारची गोळी आणि म्हशीचं दूध

माझ्या आईच्या खुब्याचं हाड दुधामुळे मोडलं.

हे विधान शास्त्रीयदृष्ट्या सैल आहे, याची मला कल्पना आहे. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. असं वाक्य कुणी पेपरात लिहिलं असतं तर मी ते लाल पेनानं खोडलं असतं.

आज ते तसंच राहू दे. खोडण्याइतकं त्राण नाही.

परवा अण्णा गेले. माझे वडील. साताऱ्याकडून आले आणि वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी म्हणून आयुष्यभर गोणी वाहिल्या.

आईला संधिवात होता. वयामुळे होतो तो नव्हे. ऱ्हुमॅटॉइड, ज्यात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं. सकाळी तिची मूठ वळत नसे. स्टेरॉइड सुरू झालं आणि ती पुन्हा भाकरी थापू लागली.

त्यामुळे ‘स्टेरॉइड म्हणजे विष’ असं कृपया कुणी कमेंटमध्ये लिहू नये. मी डिलीट करीन. त्या गोळ्यांनी तिला तिचे हात परत दिले होते.

मात्र वर्षानुवर्षं घेतलेलं स्टेरॉइड हाडं विरळ करतं. तो आजारही तेच करतो. म्हणून डॉक्टरांनी हाडांसाठी आठवड्याची एक गोळी दिली. दर सोमवारी, उपाशीपोटी, फक्त साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास ताठ बसायचं, काही खायचं-प्यायचं नाही.

अण्णांना मी हे स्वच्छ शब्दांत समजावलं होतं. त्यांनी मान डोलावली होती.

आणि मग स्वतःचं डोकं चालवलं.

बाकीच्या गोळ्या जेवणानंतर, मग हीच उपाशी कशी? पोटात आग पडेल. शिवाय गोळी हाडांची. हाडांना काय लागतं?

दूध.

दर सोमवारी ते तबेल्यापर्यंत चालत जात. “पिशवीतलं दूध म्हंजे निसतं पानी.” म्हशीचं दूध तापवून पेला आईच्या हातात देत, आणि ती गोळी गिळेपर्यंत समोर उभे राहत.

दुधातलं कॅल्शियम त्या गोळीला धरून ठेवतं. ती रक्तात जवळपास उतरतच नाही. इतकं सरळ रसायनशास्त्र, माझ्याच माहेरच्या स्वयंपाकघरात.

मला ते कळलं आई पडल्यावर. मोरीच्या उंबऱ्याला पाय अडखळला, एवढंच.

वॉर्डात एका तरुण डॉक्टरनं विचारलं, “आजी, ती आठवड्याची गोळी कशी घ्यायचात?” अण्णा डबा आणायला घरी गेले होते.

“दुधासंगं,” आई कौतुकानं म्हणाली. “आमचं मालक सोता आणून द्यायचं.”

डॉक्टरनं स्टूल पुढे ओढलं. मग सावकाश समजावलं. हाड नेमकं कशानं मोडलं, हे कुणीच सांगू शकणार नाही; आजार होता, स्टेरॉइड होतं, वय होतं. पण गोळी मात्र न घेतल्यासारखीच झाली.

आपण परत कधी चालायला लागू, हे आईनं विचारलं नाही.

“ह्यांना सांगू नगा,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “आन् तू तर अजाबात न्हाई. तुला समद्यांच्या चुका काढायची खोड हाय. ही एक ऱ्हाऊ दे.”

“अगं, पण पुढच्या गोळ्या?”

“त्या पाण्यासंगं घीन. दूध मागनं पीन. त्येंना काय कळतंय?”

तेवढ्यात अण्णा आले. डब्याबरोबर दुधाचा थर्मास होता. “काय मास्तरीणबाई, तोंड का पाडलंय? हिला आता ताकद पायजे.”

आईनं पेला रिकामा केला. “साखर न्हाई घातली व्हय? हाड मोडलंय माझं, शुगर न्हाई झाली.”

अण्णा हसले. मला जमलं नाही.

आई त्यातून उठली नाही.

त्यानंतर अण्णा एकच प्रश्न विचारत राहिले. श्राद्धाला, दिवाळीला, बातम्या चालू असताना मध्येच.

“गोळी तर एकबी चुकवली न्हाई. मग हाड मोडलं कसं?”

“स्टेरॉइडमुळे, अण्णा.”

अर्धं उत्तर. अर्ध्या उत्तराला मी कधी कुणाला मार्क दिलेले नाहीत.

ते सुस्कारा टाकत आणि माझ्यापुढे पेला सरकवत. “पी. तुझीबी हाडं आता जुनी झाली.” मला दूध आवडत नाही. मी पीत असे.

गेल्या आठवड्यात, तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून त्यांनी प्रश्न बदलला.

“मास्तरीणबाई, खरं सांग. माझं काय चुकलं का गं?”

“नाही.”

उत्तर माहीत असूनही मी जाणूनबुजून चुकीचं सांगितलं, असं पहिल्यांदाच घडलं. त्यांनी मास्क परत लावून घेतला आणि डोळे मिटले.

आता लिहायला हरकत नाही. तुमच्या घरी अशी गोळी येत असेल तर ती कशी घ्यायची, हे डॉक्टरांना नीट विचारा, आणि घरात ती प्रत्यक्षात कशी घेतली जाते तेही एकदा बघा. कुणी प्रेमानं दुधाबरोबर देत असेल, तर आवाज न चढवता सांगा.

आज सोमवार. अण्णांचे पाय थकल्यापासून दूध घरी पोचवणारा तबेल्यावरचा भय्या दारात येऊन विचारून गेला, दूध चालू ठेवायचं का. मी हो म्हणाले.

अण्णा, तुम्ही एकही गोळी चुकवली नाहीत. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा तपासलं आहे. त्यात चूक नाही.

निघा आता निवांत. तुमच्या मास्तरीणबाईचा नमस्कार.