वन्संचा बिनहँडलचा ओटा

वन्सं खाली बसल्या नाहीत, घसरल्या. पाठ ट्रॉल्यांना टेकली, पाय पुढे गेले आणि कपाळावरून घाम निथळायला लागला. त्यांची साखर उतरली होती. मला ते लगेच कळलं, कारण त्यांनीच मला शिकवून ठेवलं होतं. घाम येईल, हात थरथरतील, मग जीभ जड होईल, तसं झालं की तोंडात साखर घालायची, विचारत बसायचं नाही. मी विचारत बसले नाही. साखर घ्यायला वळले तर समोर भिंत होती.

पांढरी, गुळगुळीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक कडी नाही, एक मूठ नाही, बोट घालायला फट नाही. दाबलं की उघडतं एवढं मला माहीत होतं. मी दाबलं, आत भांडी. शेजारी दाबलं, ताटं. तिसऱ्या ठिकाणी दाबलं ते उघडलं, पण घाईत परत धक्का लागला आणि माझ्या तोंडावर मिटलं. मी ओरडून विचारलं, "वन्सं, साखर कुठंय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मला ओळखलं नाही. ओठ हलले, आवाज आला नाही. हे स्वयंपाकघर त्यांनी स्वतःच्या मनाने आखलेलं होतं. त्यातला एक डबा मला सापडत नव्हता आणि त्या त्याच्याच पायाशी पडल्या होत्या.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही. वागळे इस्टेटमध्ये औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला होत्या, त्या रिटायर होईपर्यंत. माझा नवरा वारला, मुलगी लग्न करून कल्याणला गेली आणि घरात आम्ही दोघी उरलो. आमचं फार पटायचं असं नाही. एकमेकींची सवय होती. स्वयंपाक त्यांच्याकडे, आणि रेशन, बँक, झाडलोट, दळण माझ्याकडे. मी आत डोकावले की म्हणायच्या, "सुमे, तू बाहेर बरी." मला त्याचा राग यायचा नाही. मला स्वयंपाक आवडत नाही. आयता चहा मिळायचा, साखर घातलेला मिळायचा, ती कुठून येते ते मी कधी बघितलं नव्हतं.

त्यांचं एक वाक्य होतं, "डोळे मिटून सापडलं पाहिजे." ते कंपनीतून आलेलं. तिथं पट्ट्यावरून गोळ्यांची पाकिटं सरकत यायची. नजर त्या पाकिटांवर ठेवायची आणि खोके, चिठ्ठ्या, चिकटपट्टी न बघता हाताने उचलायची. सगळं कोपराच्या टप्प्यात. चाळीतल्या आमच्या एवढ्याशा खोलीतही त्यांनी तसंच मांडून ठेवलं होतं. वीज गेली की बाकीच्या बाया मेणबत्ती शोधायच्या, यांची फोडणी पडलेली असायची. एकदा शेजारणीने कौतुकाने भांडी घासून दिली आणि मिठाच्या जागी सोड्याची बरणी ठेवली. आमटी फेसाळली. वन्सं त्या बाईशी पुढचे कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. ती बिचारी माझ्याकडे येऊन विचारायची, ताईंचा राग गेला का.

चाळ पाडून तिथं बिल्डिंग व्हायची ठरली तेव्हा आम्ही भाड्याने डोंबिवलीला राहिलो. नव्या घराचा नकाशा हातात आला त्या दिवसापासून वन्सं जमिनीवर नव्हत्या. नकाशा त्यांना कागदावर समजेना. मग त्या खडू घेऊन गच्चीवर गेल्या आणि खरं स्वयंपाकघर जेवढं होणार तेवढं जमिनीवर आखलं. ओटा, सिंक, शेगडी, फ्रिज, कोपरा. मग त्यात उभं राहून स्वयंपाक करायच्या. रिकाम्या हाताने कांदा चिरायचा, वळायचं, रिकामी कढई चढवायची, वाकून पीठ काढायचं. कुठं पाऊल जास्त पडलं की रेघ पुसायच्या आणि नवी मारायच्या. मला फ्रिज व्हायला उभं करायच्या. मी उन्हात फ्रिज म्हणून उभी राहिलेय. खालच्या मजल्यावरच्या काकू वाळवण घालायला आल्या की वन्सं सांगायच्या, सिंकमध्ये पाय नका ठेवू. त्या काकूही तिखट. म्हणाल्या, "अहो ताई, तुमच्या सिंकमध्ये माझ्या कुरडया वाळतायत, पाणी तेवढं सोडू नका." वन्सं हसल्या नाहीत. रेघ थोडी सरकवली.

हँडल नको हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. माजिवड्याला एका दुकानात आम्ही गेलो. तिथल्या मुलीने कॉम्प्युटरवर चित्रं दाखवली. बिनहँडलचं म्हटल्यावर ती जरा घुटमळली. म्हणाली, "आजी, बिनहँडलचं छान दिसतं, पण तुमच्या वयाला हँडल बरं. धरायला होतं. आणि दुसऱ्या कुणाला पटकन कळतं कुठून उघडायचं." वन्संनी साडी थोडी वर घेतली आणि डावं पाऊल तिच्यापुढे केलं. घोट्यापासून बोटांपर्यंत कातडी सुरकुतलेली, चकचकीत. चाळीत असताना भाताचं पातेलं उतरवताना पदर कपाटाच्या मुठीत अडकला होता आणि उकळती पेज पायावर सांडली होती. म्हणाल्या, "हे हँडलनं केलंय. दुसरं कुणी तिथं येणार नाही. ही माझी भावजय, हिला विचार, येणार आहे का." मी सांगितलं, नाही येणार. पोरीने हँडल काढून टाकलं. खरं तर ती बरोबर बोलत होती. तेव्हा तिघींपैकी कुणालाच ते माहीत नव्हतं.

मग बाकीचं ठरलं. ओटा वन्संच्या उंचीचा, म्हणजे इतरांपेक्षा बुटका, कारण त्या बुटक्या. कोपऱ्यात फिरती थाळी, म्हणजे कोपरा वाया जात नाही. शेगडीशेजारी वीतभर रुंदीची उभी ट्रॉली, तेलाच्या बाटल्यांना. ड्रॉवरच्या आत अजून एक ड्रॉवर, चमच्यांना. मला त्या दुकानात गार लागायला लागलं म्हणून मी बाहेर येऊन रिक्षा बघत उभी राहिले. त्यानंतर त्या आत काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. सुतार आले तेव्हा मी मुलीकडे कल्याणला होते, तिची डिलिव्हरी होती. परत आले तर सगळं बसवून झालेलं. मी बघितलं आणि म्हटलं, हे स्वयंपाकघर आहे की दवाखान्याची भिंत. त्या म्हणाल्या, "तुला काय करायचंय. तू बाहेर बरी."

बुद्धपौर्णिमेला आम्ही राहायला आलो. सगळं बसलं होतं, एकच गोष्ट त्यांना टोचत होती. जुने डबे वेगवेगळ्या उंचीचे, ट्रॉलीत नीट बसेनात, वर जागा फुकट जायची. एकसारखे डबे कल्याणच्या बाजारात मिळतात असं कुणीतरी सांगितलं. त्या दिवशी सकाळी त्यांनी मधुमेहाची गोळी घेतली आणि आल्यावर जेवते म्हणून निघाल्या. चार दुकानं फिरल्या असतील, डबे हाताने मोजून बघितले असतील, दुकानदाराशी भांडल्या असतील. दुपार उलटल्यावर आल्या. पिशवी ओट्यावर ठेवली, एक डबा काढून ट्रॉलीत उभा करून बघितला. बरोब्बर बसला. "बघ," म्हणाल्या, आणि घसरल्या.

मी दारात धावले. समोरचं कुलूप. शेजारचं कुलूप. सगळी माणसं कामाला. चाळीत नुसतं "अगं" म्हटलं असतं तरी तीन बाया साखर घेऊन आल्या असत्या. वॉचमनला खालून बोलवायचं बटण दाबलं, कुणी उचललं नाही. परत आत आले. दाबत सुटले, वर, खाली, कोपऱ्यात. ती कोपऱ्यातली थाळी गोल फिरून यायची आणि पुन्हा तीच डाळ समोर. वन्संचे डोळे मिटले होते. मी हाका मारत होते, वन्सं, अहो वन्सं, पण हाका मारून डबा सापडत नाही. मी दाबायची थांबले. करण्यासारखं मला काही उरलं नव्हतं. तशीच त्यांचा हात धरून खाली बसले.

तेवढ्यात त्यांच्या पायाला झटका आला. टाच कोपऱ्यातून वळलेल्या ओट्याच्या खालच्या पट्टीवर आपटली. ट्रॉल्यांच्या खाली, जमिनीला लागून, झुरळं जाऊ नयेत म्हणून पट्टी मारतात ना, ती. टक् असा आवाज झाला आणि ती पट्टी बाहेर आली. ती पट्टी नव्हतीच. ड्रॉवर होता, चपटा, जमिनीसरसा. आत साखरेचा डबा, गुळाची ढेप आणि कागदात गुंडाळलेले पेढे. मी मूठभर साखर घेतली आणि बोटाने त्यांच्या गालाच्या आत, हिरड्यांना चोळत राहिले. अर्धी साखर त्यांच्या गळ्यावर, अर्धी जमिनीवर. बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्यांनी जीभ हलवली.

उठून बसता आलं तेव्हा त्यांनी उघडा ड्रॉवर बघितला, सांडलेली साखर बघितली. त्यांचं पहिलं वाक्य असं होतं, "डोळे मिटून सापडली की नाही?" मी म्हटलं, तुम्हाला कुठं काय सापडलं, तो झटका होता. त्या म्हणाल्या, मी लाथ मारली. त्या शेवटपर्यंत तेच म्हणत राहिल्या. मला तसं वाटत नाही.

तो ड्रॉवर त्यांनी मुद्दाम करून घेतला होता, मी रिक्षा बघत उभी होते तेव्हा. त्यांना गोड भयंकर आवडायचं. साखर हाताशी असली तर चिमूटभर तोंडात जाणारच. म्हणून अख्ख्या स्वयंपाकघरात हीच एक वस्तू त्यांनी अशी ठेवली की घ्यायची तर जमिनीवर बसावं लागेल. "गुडघे दुखले की हाव जाते," म्हणाल्या. मी म्हटलं, हा मूर्खपणा आहे. पेढ्यांबद्दल मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, हँडल लावून घ्या. त्या म्हणाल्या, "मी जिवंत असेपर्यंत याला भोक पाडायचं नाही." त्याऐवजी त्यांनी मला शिकवायला घेतलं. माझ्याच पदराने माझे डोळे बांधायच्या, खुर्ची घेऊन दारात बसायच्या आणि हुकूम सोडायच्या. हळद. झारा. चहापत्ती. मी झाऱ्याऐवजी लाटणं काढलं की म्हणायच्या, कंपनीत तुला पहिल्याच दिवशी घरी पाठवली असती. साखर मात्र मी ओट्यावर काचेच्या बरणीत ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. सपाट ओट्यावर ती एकच बरणी त्यांना बघवायची नाही. रात्री तिच्यावर फडकं टाकायच्या. मी सकाळी ते काढायचे. बाहेर जाताना साखरेची एक पुडी मी बटव्यात ठेवायला लागले.

दोन पावसाळ्यांनंतर त्या हृदयविकाराने गेल्या, दवाखान्यात. त्या वेळी शोधायला काहीच नव्हतं. तोंडात नळी होती, डॉक्टर आत-बाहेर करत होते, मी बाकावर बसून होते. पुडी बटव्यात होती. तिचा काही उपयोग नव्हता. विहारातली माणसं आली, त्यांनी सगळं व्यवस्थित केलं. घरी आल्यावर मी ती पुडी चहात घातली आणि चहा प्यायले.

मुलगी म्हणते, आई, आता तरी हँडल लाव. मी लावलेली नाहीत. मला लागत नाहीत. ओटा त्यांच्या उंचीचा आहे आणि मी उंच आहे, त्यामुळे पोळ्या लाटून कंबर धरते. पण डोळे मिटून सगळं सापडतं. या घरात आम्ही दोघी राहायला आलो होतो. वन्सं गेल्या. मी आहे.