बाकवाल्यांचे सैल बोल्ट

बाकवाल्यांच्या घराण्यात दानधर्म तीन पिढ्यांचा. वडिलांनी बाकं दिली ती पुण्य लागावं म्हणून. मुलगा देतो नावासाठी. त्याची पाटी कधी कधी बाकापेक्षा लांब भरते. मधले बाकवाले का देत, हे मात्र घरात कुणी विचारलंच नाही.

बायको गेली आणि बाकांचा कारखाना मुलाच्या हाती आला. बाकवाल्यांनी तिथे तोंड उघडलं की मुलगा म्हणे, "बाबा, तुम्ही आराम करा ना!" आराम करून करून माणूस अगदी थकून गेला. सून प्रेमळ, पण तिचं प्रेम दोन फोनच्या मध्ये मावेल एवढंच.

शेवटी त्यांनी दवाखान्याला बाकं दिली आणि प्रत्येक बाकाच्या हाताचा एक बोल्ट चक्क सैल ठेवला! जन्मभराच्या कारागिरीला काळिमाच तो. पण दर आठवड्याला पाना घेऊन जायची सोय झाली. बोल्ट आवळायला लागे क्षणभर. बसलेल्यांशी गप्पा रंगत दुपारपर्यंत. निघताना मागच्या खेपेला आवळलेला बोल्ट हळूच ढिला.

"आजोबा, तुमचा माल फारच कच्चा हो," नर्सबाई चिडवायच्या.

"माझ्यासारखाच आहे, बाई. हलतो, पण पडत नाही."

हा विनोद फिरत फिरत मुलाच्या कानी गेला. घराण्याच्या नावाचा प्रश्न! त्याने वडिलांच्या वाढदिवसाला सगळी बाकं गुपचूप बदलून टाकली. सगळं वेल्डिंग, औषधालाही बोल्ट नाही.

"बाबा, आता जन्मात हलायची नाहीत. तुमची दगदग संपली."

"झकास," बाकवाले म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पोरगं वाईट नव्हतं, नुसतं हुशार होतं.

पुढच्या आठवड्यात पाय सवयीने दवाखान्यातच गेले. रिकाम्या हाताने काय करायचं ते सुचेना. बाकवाले एका टोकाला अंग चोरून बसले. गर्दी होती, माणसं उभी होती. शेजारच्या बाईने विचारलं, "आजोबा, तुमचं कोण आहे आत?"

कोणी नाही म्हटलं, तर उठावं लागणार.

"बायको," बाकवाले म्हणाले.

"अगंबाई! काय झालंय?"

"पोटाचं."

"तिखट बंद करा त्यांचं आधी. ऐकतात का तुमचं?"

"कुठली ऐकतेय!"

बाई हसली, पिशवी मांडीवर घेऊन थोडी सरकली. "नीट बसा मग. वेळ लागतो इथे."

बाकवाले नीट बसले.